शिरूर ते पाटस, चाच्यांच्या जहाजातून

लोक युरोपला जाऊन येतात आणि पुस्तक लिहितात. मी शिरूरहून निघून पाटसच्या पुढच्या एका वाडीपर्यंत गेलो, तेही जहाजातून, आणि हे लिहायचा माझा हक्क त्यांच्यापेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. वाटेतल्या दोन्ही तालुक्यांत समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो असलो तरी भूगोल दहावीपर्यंत होताच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी थोडी मेंढरं आणि थोडी शेती केली. काळा डगला घातलेला माझा फोटो राहू गावातल्या आमच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे आणि आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तो दाखवतात. सांगायचं कारण एवढंच, की या प्रवासभर मला कुणी नावानं हाक मारली नाही. सगळे "बीए" म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडं कौतुक. मी दोन्ही घेतलं.

जहाज माझ्या मामांचं. बापूमामांचं धनगरी ढोलाचं पथक आहे: ढोल, झांजा, हलगी, एक सनई, मिळून पंधराएक माणसं. पण चैत्र-वैशाखात जत्रांना हे पथक निघालं की गावात कुणी "ढोलवाले आले" म्हणत नाही. "चाचे आले" म्हणतात. चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू. हे खूळ मामांच्या आजोबांचं. ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात, तिथल्या शेतांत खतासाठी कळप बसवत आणि पावसाआधी परत येत. तिथल्या कोळ्यांनी त्यांना समुद्री लुटारूंच्या गोष्टी सांगितल्या. म्हाताऱ्यानं परत येऊन त्यांच्या ओव्या केल्या. नायक काळू तांडेल. तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या. हा काळू सावकार-व्यापाऱ्यांची गलबतं अडवायचा, पण कुणाचा जीव घ्यायचा नाही, माल घ्यायचा नाही. नुसती पागोटी काढून न्यायचा. आणि मग भर बाजारात ज्याचं त्याला परत करायचा.

काळू तांडेल निघाला, जहाजाला बैलजोडी,
डोई ठेवितो जागी, पागोटं तेवढं काढी

जहाजाला बैल नसतात हे मी मामांना कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. मामा म्हणाले, "आज्यानं जुपल्यात, आता मी सोडू व्हय? उपाशी मरतील."

त्या ओवीवरून आमच्याकडची रीत पडली. चाचे गावात शिरले की लूट करतात. डोक्यावर असेल तेवढंच न्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. संध्याकाळी देवळापुढं एकेक वस्तू वर धरून "कुणाचा माल?" असं विचारायचं. ज्याचा असेल त्यानं चारचौघांत उभं राहून नाव सांगायचं आणि घेऊन जायचं. लुटलं जाणं हा मान आहे. ज्याला पहिल्यांदा लुटतात त्याच्या घरी पथकाचं जेवण. आणि मान असा मागायचा नसतो. "मला लुटा" म्हणणाऱ्याला चाचे लुटत नाहीत. ज्याची टोपी डोक्यावरच राहिली त्याचं तोंड मी पाहिलेलं आहे. पंक्तीतून उठवलेल्या माणसाचं तसं होतं.

शिरूर

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी एस.टी.नं शिरूरला पोचलो, कारण जहाज वेल्डिंगसाठी तिथं होतं. जहाज म्हणजे दोन चाकांची ट्रॉली. तिला बांबूचा सांगाडा, वर पत्रा, मधे डोलकाठी, आणि साखरेची रिकामी पोती उसवून शिवलेलं शीड. ओढायला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर मामांचा नाही, तो वाडीच्या नानासाहेबांचा. हे नाना मोठे बागायतदार, कारखान्याच्या राजकारणात त्यांचं वजन. दोन वर्षांपासून ते मोसमभर ट्रॅक्टर देत, डिझेल देत, ड्रायव्हरही देत. ड्रायव्हर दगडू. तो कमी बोलतो आणि ट्रॅक्टर जपून चालवतो, कारण दोन्ही गोष्टींची खबर नानांना द्यावी लागते.

पथकातला सोपान माझ्याच वयाचा, हलगी वाजवतो. त्यानं त्या वर्षी एका डोळ्यावर काळी पट्टी बांधली होती. केबल टीव्ही नुकताच आला होता, तिथं कुठंतरी पाहिलं असणार.

"काढ ती," मामा म्हणाले. "काळूला दोन्ही डोळे हुते."

"मामा, पब्लिकला आवडतं."

"पब्लिकला बेंजो बी आवडतो. जा की मग तिकडं."

सोपाननं पट्टी काढली नाही, नुसती कपाळावर सरकवली. तिथंच ती प्रवासभर राहिली. आणि तिच्यामुळं नाही, पण सोपानमुळंच पहिला घोटाळा झाला. शिरूरच्या बाजारपेठेत ढोल सुरू झाला, चाचे उतरले, टोप्या-फेटे निघू लागले. तेवढ्यात पुण्याकडचा एक औषध कंपनीचा माणूस मोटरसायकल उभी करून गंमत बघत होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट. आमच्याकडं तेव्हा हेल्मेट म्हणजे नवलच. सोपाननं मागून येऊन ते अलगद काढलं, "लूट!" म्हणून ओरडला आणि जहाजात टाकलं. तो माणूस थेट पोलीस चौकीत.

हवालदार आले. त्यांनी हेल्मेट घेतलं, त्या माणसाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाला मान दिलाय त्यांनी."

"मला नको तो मान. माझ्या हेल्मेटला चरा पडलाय."

"मग जाऊ द्या." हवालदार मामांकडं वळले. त्यांनी आपली टोपी जरा सैल केली, पुन्हा नीट बसवली, पुन्हा सैल केली. "काय बापू, आमच्या चौकीचं काय पाप हाय?"

मामा म्हणाले, "साहेब, मागितली की मिळत न्हाई."

हवालदार हसत हसत गेले. पुढच्या वर्षी त्यांची टोपी गेली म्हणे, पण तेव्हा मी नव्हतो.

शिरूरच्या बाजूला एक वेगळेपण दिसलं. तिकडं माल परत घेताना माणूस गुळाचा खडा देतो. भीमेच्या अलीकडं, आमच्याकडं, नारळ देतात. मी मामांना कारण विचारलं. ते म्हणाले, "गूळ लवकर संपतो, नारळ फोडायला लागतो. तिकडची मान्सं घाईची." हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे, पण मला दुसरं सुचत नाही.

भीमेवरचा पूल

न्हावऱ्याहून पुढं आलो. पारगावच्या पुलावर दुपारचा वारा होता. नदीत पाणी कमी, मधे वाळूचे पट्टे, काठाला कपडे वाळत घातलेले. पुलाच्या मध्यावर शिडात वारा भरला आणि ट्रॉली बाजूला ओढ घ्यायला लागली. दगडूनं ब्रेक मारला. मागून उसाचा ट्रक, त्याच्या मागं एस.टी. सगळे हॉर्न वाजवतात. सोपान डोलकाठीवर चढून दोर सोडत होता आणि खालून चौदा माणसं चौदा प्रकारचे सल्ले देत होती. शीड खाली पडलं ते थेट सनईवाल्यावर. तो पोत्याखालून ओरडत राहिला, "साखर हाय अजून ह्याच्यात! मुंग्या हायत!"

त्या गडबडीत मामा कठड्याला टेकून खाली पाणी बघत होते. मी विचारलं, "मामा, तुम्ही समुद्र बघितलाय का?"

"येकदा. मुंबईला पाव्हण्याकडं गेलो हुतो तवा."

"कसा वाटला?"

"लई मोठा हाय. पर काळू तिथं दिसला न्हाई." मग म्हणाले, "म्हून परत गेलो न्हाई."

राहूला आमच्याच गावात मुक्काम झाला. वडिलांची टोपी गेली. संध्याकाळी नाव सांगायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले, आपलं नाव न सांगता "बीएचा बाप" एवढंच म्हणाले आणि टोपी घेऊन खाली बसले. याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

कासुर्डी

यवतच्या आधी कासुर्डीला हायवेच्या कडेला जहाज लावून आम्ही रसवंतीत बसलो. सोलापूरच्या दिशेनं तोंड. एक परप्रांतीय ट्रकवाला उतरला, जहाजाला पूर्ण फेरी मारून आला आणि सोपानला म्हणाला, "भाईसाब, ये जहाज किधर जाएगा?"

सोपाननं पट्टी डोळ्यावर ओढली आणि छाती काढून म्हणाला, "समुंदर!"

"समुंदर तो पीछे रह गया." ट्रकवाल्यानं अंगठ्यानं मुंबईची दिशा दाखवली. "मैं उधर से ही आ रहा हूँ."

त्याचा चेहरा खरोखर काळजीचा होता. माणूस रस्ता चुकलाय, सांगायला हवं, अशी. मामांनी त्याला उसाचा रस पाजला. जाताना तो शिडाला हात लावून कपाळाला लावून गेला.

पाटस

इथपर्यंतचा प्रवास गमतीचा होता. पाटसला ते बदललं.

गळीत हंगाम संपत आलेला. रस्त्यावर उसाचं पाचट उडत होतं, आणि हवेत मळीचा तो वास, ज्याला बाहेरचे नाक मुरडतात आणि आम्ही घर आलं म्हणतो. एस.टी. स्टँडच्या समोर चहाला थांबलो होतो. दळणाची पिशवी हातात घेऊन एक बाई सरळ मामांपुढं येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, पदर कानामागं खोचलेला. मामा चटकन उठून उभे राहिले, यावरून ओळख जुनी हे कळलं.

"बसा बापू. उठायला मी काय पाटील न्हाई."

"हौसाबाई, बऱ्या हाय का?"

"बरी हाय. तुम्हास्नी येक विचारायचं हुतं. आमच्या घराची वाट इसरला का?"

सोपाननं मला बाजूला घेऊन सांगितलं. वाडीतली पहिली लूट पिढ्यान्‌पिढ्या या बाईंच्या घरची होती. मालक बाबूराव, त्यांचा लाल फेटा. बाबूराव वारले. त्या वर्षीपासून पहिला मान नानासाहेबांकडं गेला, आणि नानांचा ट्रॅक्टर जहाजाला जोडला गेला.

"तसं न्हाई बाई," मामा म्हणाले. "तुमच्यावर प्रसंग आला. असल्या दारात लूट घालायची म्हंजी... लोकं काय म्हंतील? फेटा कुणाचा काढायचा?"

"तुम्ही डोक्यावरचं नेता न्हवं?"

"व्हय."

"मग माझं डोकं काय त्यांच्यासंगं सरणावर गेलं का?"

चहाच्या टपरीवरची भांडी वाजायची थांबली. दगडू ट्रॅक्टरवर बसून ऐकत होता.

हौसाबाईंचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्सं जत्रंला दारात उभी ऱ्हाते. चाचे येत्यात, माझ्या दारापुढून मान खाली घालून जात्यात. ढोल बी हळू करत्यात. कुणी मेल्यालं घर असल्यासारखं. मेला तो माणूस मेला, मी हाय की जित्ती. शेत मी करती, पट्टी मी भरती, जत्रंची वर्गणी पयली माझी आसती. आन् मान म्हणलं की घरात कुणी न्हाई?"

"बाई, मागून..."

"मागत न्हाई मी!" आता मात्र आवाज चढला. "रीत मला शिकवू नका. माझ्या सासऱ्यानं तुमच्या आज्याला जेवू घातलंय. मी फकस्त घर कुठं हाय त्याची आठवण दिली. देवळाच्या उजव्या अंगाला, दारात शेवग्याचं झाड." आणि दळण उचलून ती निघून गेली.

मामांचा चहा तसाच राहिला. त्यांची अडचण सरळ होती आणि सगळ्यांना कळत होती. हौसाबाईंना पहिला मान दिला तर नानांचा जाणार. नानांचा गेला तर ट्रॅक्टर गेला. वाडीनंतर अजून तीन गावांच्या जत्रा घेतलेल्या होत्या. पूर्वी आजोबांच्या काळात पायी जायचे, पण मामांचे गुडघे आता पायी जाण्याचे राहिलेले नाहीत आणि बेंजोवाले टेम्पो घेऊन टपलेलेच होते. एका मोसमात जत्रा चुकवल्या की पुढच्या वर्षी कुणी सुपारी देत नाही. पथक मोडतं ते असंच.

"नानांनी बोकड कापलाय," दगडू पहिल्यांदाच बोलला. "सकाळीच. तुमच्यासाठी."

"मामा," सोपान कळवळून म्हणाला, "मटण हाय मामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "बीए, तू बोल. शिकल्याला हायस."

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. म्हटलं, "मामा, बाईंचं बरोबर आहे. पण ट्रॅक्टर नानांचाच आहे. दोन्ही खरं आहे. तुम्ही जे कराल त्याला मी बरोबर म्हणेन असं मात्र नाही."

"म्हंजी काय बोललास?"

"तुम्ही ठरवा."

"हे शिकायला पंधरा वर्सं शाळा?" मामा म्हणाले आणि उठले. "चला रं."

वाडी

वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं हे वाचतील आणि मला त्यांच्याकडं पुन्हा जायचं आहे.

उन्हं कलली तेव्हा जहाज वेशीत शिरलं. शीड वर केलेलं, ढोल पूर्ण जोरात, चाचे घोंगड्या फडकवत दोन्ही बाजूंना. देवळापुढच्या पारावर नानासाहेब उभे. गुलाबी फेटा, तुरा काढलेला, कडक इस्त्रीचं धोतर. अवतीभवती त्यांची माणसं. जहाज जवळ आलं तशी नानांनी मान जराशी खाली केली, म्हणजे काढणाऱ्याला त्रास नको. मला ते पाहून बरं वाटलं. एरवी ती मान झुकत नाही.

दुसऱ्या बाजूला हापशावरून एक बाई पाणी घेऊन निघाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तांब्याचा हंडा, काठोकाठ. ती घाईनं चालत नव्हती आणि रेंगाळतही नव्हती. घरी पाणी न्यायचं तशी चालत होती. फक्त घराची वाट देवळाच्या उजव्या अंगाला होती आणि ती डाव्या अंगानं, बरोबर जहाज आणि पार यांच्या मधून निघाली होती.

मामांनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ढोलाचा ठेका कुणी न सांगता थांबला.

मामा कित्येक वर्षं स्वतः उतरून लूट करत नाहीत, ते सोपानसारख्यांचं काम. त्या दिवशी ते ट्रॉलीच्या फळीवर हात टेकून, एक पाय, मग दुसरा, असे खाली आले. हौसाबाई थांबली नाही. मामा तिच्या वाटेत जाऊन उभे राहिले तेव्हा तिला थांबावं लागलं. मामांनी दोन्ही हात वर केले आणि हंडा उचलला. भरलेला हंडा काय वजनाचा असतो ते त्यांच्या लक्षात नसावं. तो कलंडला, अर्धं पाणी मामांच्या अंगावर, मिशीवरून, घोंगडीवरून खाली.

"लूट!" मामा ओरडले.

माड्यांवरून, ओट्यांवरून बायका हसायला लागल्या. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बया, चाचा बुडाला!" आणि मग ढोल असा काही वाजला की देवळातली कबुतरं उडाली.

पारावर नानासाहेबांची मान अजून खालीच होती. ती वर आली तेव्हा चेहरा फेट्याहून लाल. सोपान मुकाट्यानं दुसरी लूट म्हणून त्यांच्या फेट्याकडं निघाला, तर नानांनी हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ दे. दगडू, ट्रॅक्टर सोड."

"नाना, आत्ता?"

"आत्ता!"

दगडूनं खाली उतरून पिन काढली. तो वाईट माणूस नाही, त्यानं ओरडून सांगितलं, "सरका रं!" पण दोन चाकांची ट्रॉली, पुढचा आधार गेल्यावर करणार काय? जहाजानं भर देवळापुढं नाक जमिनीत खुपसलं, डोलकाठी वाकडी होऊन पारावरच्या पिंपळात अडकली, आणि शीड पुन्हा एकदा सनईवाल्यावर पडलं. ट्रॅक्टर धूर सोडत निघून गेला. नाना मागोमाग. फेटा डोक्यावर.

दिवेलागणीला देवळापुढं सगळी जमली. मामा ओल्या घोंगडीतच उभे होते. त्यांनी हंडा वर धरला.

"पयला माल कुणाचा?"

हौसाबाई बायकांमधून उठली. आमच्याकडं नाव सांगायचं ते घराचं सांगतात, अमक्याच्या घरचा. सगळ्यांना वाटलं बाबूरावांचं नाव घेईल.

"माझा. हौसाबाईचा."

"काय गेलं हुतं?"

"हंडाभर पाणी."

"मिळालं का समदं?"

तिनं हंड्यात वाकून बघितलं. "अर्धंच हाय. बाकीचं भरून आणा, मग नारळ देती."

काय हशा झाला म्हणून सांगू! सोपान हंडा घेऊन हापशाकडं पळाला. तो भरून आणेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, हात बांधून, सगळ्या गावाकडं बघत. मी काळा डगला घालून फोटोला उभा राहिलो होतो तेव्हा फोटोग्राफरनं मला तसं उभं राहायला सांगितलं होतं. मला जमलं नव्हतं.

जेवण तिच्या अंगणात, शेवग्याखाली. मासवड्या आणि रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून केलेली वडी, कापली की माशाच्या तुकड्यासारखी दिसते. पंधरा माणसांच्या मासवड्या तासाभरात होत नाहीत, एवढं मलाही कळतं. बाईंनी तीळ आदल्या दिवशीच कुटले असणार. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "गप जेव. शिकल्याली मान्सं लई बोलत्यात."

पण वारा नानांच्या वाड्याकडून होता आणि तिथल्या मटणाच्या रश्श्याचा वास स्पष्ट येत होता. सोपान दर घासाला तिकडं बघे. मामा खाली मान घालून खात होते. तीन गावं, ट्रॅक्टर नाही, जहाजाचं नाक जमिनीत. सनईवाला म्हणाला, "ढोल खांद्यावर घेऊन जाऊ मामा." हौसाबाई वाढत होती, पण तिलाही ते कळत होतं. एकदा ती भाकरी हातात धरून नुसतीच उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यापायी झालं का बापू?"

"न्हाई," मामा म्हणाले. "मी उचलला हंडा. वाढा."

तेवढ्यात रस्त्यावरून नानासाहेब गेले.

एकटेच. हातात दोर. गुलाबी फेटा. इकडं तिकडं बघत, वासरू सुटल्यावर माणूस बघतो तसे. आमच्याकडं नाही बघितलं. पुढं गेले.

थोड्या वेळानं परत आले. तसंच शोधत. या वेळी जरा सावकाश. फेट्याचा तुरा नीट केलेला होता.

पंगतीतली पंधरा तोंडं चावायची थांबली. सोपान अर्धा उठला, मामांनी हातानं त्याला खाली बसवलं. "मागतोय का त्यो?" ते हळूच म्हणाले.

"न्हाई मामा. वासरू हुडकतोय."

"नानांचं वासरू दावणीला हाय," दगडूचा आवाज कुंपणापलीकडून आला. तो कधीपासून तिथं उभा होता कोण जाणे. "मीच बांधलंय."

नाना तिसऱ्यांदा आले. आता अंगणापुढं आले तेव्हा थांबलेच. पाठ आमच्याकडं, डोळे समोरच्या बाभळीवर. बाभळीत वासरू असतं असं मी कुठं वाचलेलं नाही.

मामांनी हौसाबाईंकडं बघितलं. आज पहिला मान तिचा होता, अंगण तिचं होतं. तिनं भाकरीची चवड खाली ठेवली, कमरेला हात लावला आणि नानांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "बापू, तुमचं चाचे निस्ते जेवायला आल्यात का काय? माझ्या दारापुढून माल चाललाय."

सोपान उष्ट्या हातानंच उडी मारून गेला.